चढाच्या वाटेवरचा शेतकरी

तुमच्या गावाला एखादा तरी चढ असेलच. कुणाचा देवीच्या डोंगरावर जाणारा, कुणाचा बाजारच्या रस्त्यावरचा, तर कुणाचा खालच्या मळ्यातून गवताचा भारा घेऊन घरी येतानाचा. सपाट वाटेवर माणूस गप्पा मारत चालतो. चढ लागला की बोलणे आपोआप बंद होते, श्वास ऐकू येऊ लागतो आणि नजर समोरच्या चार पावलांवर खिळते. हे तुम्हांला कुणी सांगायला नको.

आता अशी कल्पना करा, की तुम्ही पहाटे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघालात आणि दिवस मावळायच्या आत पायी लोणावळ्याला पोहोचायचे आहे. गाडी नाही, घोडा नाही. शिवाय बोरघाटासारखा एकच घाट नाही, तर एकामागून एक पाच मोठे चढ आहेत आणि मधल्या बारीकसारीक टेकड्यांची तर गणतीच नाही. एक चढ संपला म्हणून हुश्श करावे, तोच पुढे उतार येतो आणि मोठ्या कष्टाने मिळवलेली उंची पुन्हा गमावून बसतो. दक्षिण आफ्रिकेत जवळपास असाच एक रस्ता आहे. डर्बन हे समुद्रकाठचे बंदर आणि पीटरमॅरिट्झबर्ग हे आतल्या डोंगराळ भागातले शहर, या दोहोंमधला. अंतर सुमारे 87 किलोमीटर. वाटेतली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या वर, म्हणजे आपल्या माथेरानएवढी उंच. या रस्त्यावर 1921 पासून माणसांची शर्यत होत आली आहे. तिचे नाव कॉम्रेड्स मॅरेथॉन. साधारणपणे एका वर्षी ती डोंगराकडून समुद्राकडे धावतात आणि पुढच्या वर्षी समुद्राकडून डोंगराकडे. समुद्राकडून डोंगराकडे धावायचे ते वर्ष चढाचे!

आज तुम्हांला सांगायची आहे ती या चढावर पहिल्यांदा जिंकलेल्या माणसाची हकिकत. तो ना सैनिक होता ना पहिलवान. तो शेतकरी होता, तोही परमुलखात येऊन शेती करणारा. आणि तो धावला ते हौसेखातर नव्हे. त्याचे सरकारशी जमिनीवरून भांडण होते.

त्याचे नाव आर्थर न्यूटन. जन्म 1883 चा, इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावातला. विशीच्या आसपास तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात आला आणि पुढे दक्षिणेकडच्या हार्डिंग गावाजवळ जमीन घेऊन शेती करू लागला. कापूस आणि तंबाखू ही त्याची पिके. जमीन डोंगरउताराची. पहिले महायुद्ध आले, तेव्हा तोही लष्करात गेला. परत येऊन त्याने शेत पुन्हा उभे करायला घेतले, तर नवेच संकट. त्याच्या शेताभोवतालचा भाग सरकारने तिथल्या कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीसाठी ठरवून टाकला होता. न्यूटनचे म्हणणे असे, की यामुळे माझ्या जमिनीची किंमत बुडाली, मजूर मिळेनासे झाले, तेव्हा सरकारने मला भरपाई द्यावी. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. कचेऱ्यांतून उत्तर एकच, नाही.

वाचकहो, इथे जरा थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हकिकत अर्धीच राहील. जमीन मुळात कुणाची होती? दक्षिण आफ्रिकेत 1913 साली एक कायदा झाला. त्या कायद्याने देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकांच्या वाट्याला सुमारे सात टक्के जमीन ठेवली. बाकीच्या जमिनीत त्यांना खरेदी करण्याचाही हक्क उरला नाही. शंभरातले सात बिघे बहुसंख्यांना आणि उरलेले मूठभर गोऱ्यांना! न्यूटनला त्याचे दुःख मोठे वाटले आणि त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तर आपल्यालाही वाटले असते. शेतकऱ्याला त्याच्या बांधापलीकडचे दुःख उशिरा दिसते. पण त्याच्या बांधाला लागून ज्यांना आणून बसवले जात होते, त्यांचे गाऱ्हाणे कितीतरी जुने आणि मोठे होते. न्यूटनचे भांडण मात्र स्वतःच्या भरपाईपुरते होते. हे लक्षात ठेवूनच पुढे जाऊ या.

अर्ज थकल्यावर न्यूटनने वेगळाच विचार केला. सरकार साध्या शेतकऱ्याचे ऐकत नाही, पण नावाजलेल्या माणसाचे लोक ऐकतात. लोक ऐकू लागले की सरकारला ऐकावेच लागेल. मग नाव कसे कमवायचे? पैसा नाही, ओळखीपाळखी नाहीत. एक शरीर तेवढे आहे. प्रांतात नुकतीच एक अचाट शर्यत सुरू झाली होती. ती जिंकावी, म्हणजे नाव आपोआप वर्तमानपत्रांत येईल. तेव्हा त्याचे वय 38 होते. या वयात आपल्याकडे माणूस लग्नाच्या पंगतीत वाढायला उठतानाही गुडघ्यावर हात ठेवतो.

ही शर्यत सुरू कशी झाली तेही ऐकण्यासारखे आहे. व्हिक क्लॅपहॅम नावाचा एक आगगाडीचा ड्रायव्हर पीटरमॅरिट्झबर्गला राहत असे. महायुद्धात तो पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेला होता. तिथे शेकडो मैल उन्हातान्हातून चालावे लागले, सोबतचे कितीतरी जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दगडाचा पुतळा नको, जिवंत माणसाच्या कष्टाचे काही तरी असावे, असे त्याच्या मनाने घेतले. माजी सैनिकांच्या संघटनेने त्याचा बेत वेड्याचा समजून पुन्हा पुन्हा नाकारला. क्लॅपहॅम हटला नाही. शेवटी 1921 साली परवानगी मिळाली आणि खर्चाला एक पौंड, तोही परतफेडीच्या बोलीवर. त्या वर्षी 24 मे रोजी 34 जण डोंगराकडून समुद्राकडे धावले. त्यांतले 16 जणच शेवटपर्यंत पोहोचले. पहिला आलेल्याला एक मिनिट कमी नऊ तास लागले. पुढच्या वर्षी, 1922 मध्ये, ठरले की आता उलटे धावायचे. समुद्राकडून डोंगराकडे. तोच पहिला चढाचा धाव आणि न्यूटनने नाव घातले ते त्यातच.

तयारी कशी केली?

1922 साल उजाडले तेव्हा न्यूटनला एक-दोन मैलही धड धावता येत नव्हते. पहिल्या दिवशी थोडे धावला आणि पुढे कित्येक दिवस पाय आखडून बसला. त्या काळचे जाणते सांगत, की थोडे धावा पण जोरात धावा, बाकी चाला. न्यूटनने तसे करून पाहिले आणि सोडून दिले. शेतकऱ्याची अक्कल ती! बैलाला पहिल्याच दिवशी दौडवून नांगराला जुंपत नाहीत, हे त्याला ठाऊक असणार. त्याने ठरवले, की धावायचे ते हळू, इतके हळू की दम लागू नये. पण लांब धावायचे आणि रोज धावायचे. त्याच्या शेताकडचे रस्ते चढउताराचेच होते, त्यामुळे चढासाठी वेगळे कुठे जावे लागले नाही.

चढाचे त्याचे तंत्र तुम्ही डोक्यावर हंडा घेऊन पाणवठ्यावरून वर येणाऱ्या कुठल्याही बाईत पाहू शकाल. ती चढाला पावले लांब टाकत नाही, आखूड टाकते. अंग झुलवत नाही. मध्येच धावपळ नाही आणि मध्येच बसणेही नाही. एक लय पकडते आणि माथ्यापर्यंत ती मोडू देत नाही. न्यूटनने हेच धावण्यात आणले. आखूड पावले, पाय जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढाच उचललेला. दुसरे गुपित पाण्याचे. तो लिंबाच्या सरबतात साखरेबरोबर मीठही घालून प्यायचा आणि त्यावर त्याचा फार भरवसा होता. घामावाटे पाणी जाते तसे मीठही जाते, ते दोन्ही परत भरावे लागते. जुलाब झालेल्या लेकराला आपण मीठ-साखरेचे पाणी पाजतो, त्यामागचे शास्त्र यापासून फार दूर नाही. उन्हात भांगलणीला जाणाऱ्या घरच्या माणसांच्या तांब्यात नुसत्या पाण्याऐवजी एखाद्या वेळी हे का असू नये?

पुढे ऐन भरात असताना तो आठवड्याला शंभर मैलांहून जास्त धावत असे. आज जगातले लांब पल्ल्याचे धावणारे जी तयारी करतात, तिचा पाया या माणसाने घातला असे जाणकार मानतात. ‘हळू पण लांब’ हे त्याचे सूत्र त्या वेळी लोकांना खुळेपणाचे वाटले होते.

24 मे 1922

तिकडे मे-जून म्हणजे थंडीचे दिवस. पहाटे गारठा, दुपारी ऊन. रस्ता तेव्हा डांबरी नव्हता. माती, खडी आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. डर्बन सोडले की थोड्याच वेळात पहिला चढ लागतो, काउइज हिल. त्याच्या पाठोपाठ फील्ड्स हिल, हा तीन किलोमीटरचा लांबलचक. मग बोथाज हिल. इथवर आलेल्याच्या पोटऱ्या बोलायला लागलेल्या असतात आणि निम्मी वाटही सरलेली नसते. बोथाज हिलच्या पलीकडे उजव्या हाताला हजार टेकड्यांचे खोरे पसरलेले आहे. नावच तसे आहे त्याचे. आपल्याकडे पावसाळ्यात अंबोलीच्या घाटातून खाली कोकण दिसते, तसे ते दृश्य. पण धावणाऱ्याला त्याचे काय!

त्या शर्यतीत एक मजेदार गडी होता. बिल पेन त्याचे नाव, रग्बीचा नामांकित खेळाडू. आदल्या रात्री गप्पांच्या ओघात त्याने धावायचे ठरवले, सराव काडीचा नाही. रग्बीचे जाड बूट घालून तो निघाला. वाटेत एके ठिकाणी थांबून त्याने अंडी खाल्ली, पुढे कोंबडीची कढी चापली, कुणा बाईने घरी काढलेली पीचची ब्रँडी दिली तीही घेतली. आणि एवढे सगळे करून तो आठवा आला! दुसऱ्या दिवशी गडी रग्बीचा सामना खेळायला हजर, फक्त फोडांमुळे बूट चढेनात म्हणून कॅनव्हासचे हलके जोडे घालून. अशी माणसे असतात. त्यांचे कौतुक करावे, अनुकरण करू नये.

न्यूटन मात्र मुकाट धावत होता. सुरुवातीला पुष्कळ जण त्याच्या पुढे गेले, त्याने जाऊ दिले. निम्मी वाट ड्रमंड गावाशी सरते आणि लगेच चौथा चढ छातीवर येतो, इंचांगा. जे पहिल्या उत्साहात पुढे पळाले होते, ते हळूहळू चालू लागले. आखूड पावलांचा हा शेतकरी एकेकाला मागे टाकत गेला. शेवटचा चढ पॉली शॉर्ट्स. त्या भागात राहणाऱ्या शॉर्ट नावाच्या शेतकऱ्यावरून हे नाव पडले. लांबीने तो दोन किलोमीटरसुद्धा नाही, पण तो येतो सत्तर-ऐंशी किलोमीटर झाल्यावर, गाव हाकेच्या अंतरावर आले असे वाटत असताना. दुपारच्या शाळेतून दमून आलेल्या पोराला दारातूनच परत पाणी आणायला पाठवावे, तसा प्रकार. आजही तिथे चांगले चांगले धावणारे धावणे सोडून चालतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

8 तास 40 मिनिटांत न्यूटन पीटरमॅरिट्झबर्गला पोहोचला. पहिला!

पुढच्या वर्षी उताराच्या शर्यतीत तर त्याने कमाल केली. आधीच्या वेळेत दोन तासांची कपात करून तो सात तासांच्या आत डर्बनला आला. इतक्या लवकर कुणी येईल अशी अपेक्षाच नव्हती, त्यामुळे बघे अजून जमायचे होते. 1922 पासून सलग चार वर्षे आणि पुन्हा 1927 मध्ये, अशी पाच वेळा त्याने ही शर्यत जिंकली. शेवटच्या विजयाच्या वेळी तो 44 वर्षांचा होता.

आणि जमीन? तुम्हांला हेच विचारायचे असणार. नाव झाले, वर्तमानपत्रांत छापून आले, लोक ओळखू लागले. भरपाई मिळाली नाही. 1925 मध्ये त्याने शेत सोडले आणि उत्तरेला ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, निघून गेला. तोही प्रवास त्याने बराचसा पायी केला. 1927 ची शर्यत तो तिथून येऊन जिंकला. 1928 मध्ये इंग्लंडात शंभर मैलांचे अंतर त्याने साडेचौदा तासांच्या आत कापले. त्याच साली अमेरिकेत एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतच्या शर्यतीत उतरला, पण पायाच्या दुखापतीने त्याला मध्येच थांबावे लागले. अखेरीस तो इंग्लंडला परतला आणि 1959 मध्ये वारला. ज्या मातीसाठी धावायला लागला, ती माती गेली. पाय तेवढे राहिले.

ज्यांना रस्ता बंद होता

या रस्त्याशी आपलेही नाते आहे. 1860 साली मद्रासहून निघालेले पहिले जहाज डर्बनच्या बंदराला लागले. त्यात करारावर नेलेली साडेतीनशेच्या आसपास भारतीय माणसे होती. नाताळच्या उसाच्या फडांत राबायला माणसे हवी होती, म्हणून ती नेली. पुढच्या पन्नास वर्षांत दीड लाखांवर माणसे अशी गेली. बिल पेनने वाटेत खाल्लेली कोंबडीची कढी त्या मुलखात पोहोचली, ती याच लोकांबरोबर. ऊसतोडीला घर सोडून जाणाऱ्या कुटुंबांना परक्या फडातले जिणे वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की त्या लोकांना दिवाळीला परत येता येत नव्हते.

1893 साली 7 जूनच्या रात्री डर्बनहून वर चढणाऱ्या आगगाडीत एक तरुण वकील पहिल्या वर्गाचे तिकीट काढून बसला होता. पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर त्याला सामानासकट खाली उतरवले, कारण त्याचा रंग गोरा नव्हता. हे गांधीजी. त्या थंडीत ती रात्र त्यांनी स्टेशनावर कुडकुडत काढली. न्यूटन जिथे टाळ्यांच्या गजरात पोहोचला, त्याच गावातली ही गोष्ट. तीसच वर्षे आधीची.

शर्यतीचाही न्याय वेगळा नव्हता. काळ्या लोकांना आणि बायकांना अधिकृत प्रवेश नव्हता. तरी काही जण थांबले नाहीत. 1923 मध्ये फ्रान्सेस हेवर्ड नावाच्या बाईने नाव नोंदवायचा प्रयत्न केला, तिला नाकारले. ती तशीच धावली आणि पुरी शर्यत धावली. पदक मिळाले नाही, तर रस्त्यावरच्या लोकांनीच वर्गणी काढून तिला चांदीची चहाची भांडी दिली. 1935 मध्ये रॉबर्ट मटशाली हा कृष्णवर्णीय गडी साडेनऊ तासांच्या आसपास पोहोचला, त्याची नोंद निकालात झाली नाही. सर्वांना दार उघडले ते 1975 मध्ये. 1989 मध्ये सॅम त्शाबालाला हा पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. आणि 2019 पासून दहा तासांच्या आत येणाऱ्यांसाठी जे पदक दिले जाऊ लागले, त्याला नाव आहे रॉबर्ट मटशालीचे. उशीर झाला, पण झाले.

त्याच 1989 सालची आणखी एक गंमत. वॉली हेवर्ड हा 1930 चा विजेता, त्या वर्षी ऐंशी वर्षांचा होता. तेव्हा मुदत अकरा तासांची असे. म्हातारबुवा मुदत संपायला दोन मिनिटेसुद्धा उरली नसताना रेषा ओलांडून आत आले. आता मुदत बारा तासांची आहे. बारा तास भरले की एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठी, की शेवटच्या क्षणी कोण येते आहे ते त्याला दिसू नये. एका क्षणाने चुकलेल्यालाही पदक नाही. कठोर वाटते खरे. पण सोळा-सोळा तास राबून कुणी नुसते बघायला येत नाही, मुदत सगळ्यांना सारखी हे बघायला येते.

हल्ली हिंदुस्थानातून शेकडो माणसे ही शर्यत धावायला जातात. त्यांत मुंबई-पुण्याची बरीच. सराव करतात लोणावळ्याच्या नाहीतर साताऱ्याच्या घाटांत. साताऱ्याला यवतेश्वराच्या घाटात दरवर्षी धावण्याची मोठी शर्यत होते, ती तुमच्यापैकी काहींनी रस्त्याकडेला उभे राहून पाहिलीही असेल. तिकडे अंधारातच हजारो माणसे जमतात. सुटण्याआधी ‘शोशोलोझा’ हे गाणे सगळे मिळून म्हणतात. खाणकामाला परगावी जाणाऱ्या मजुरांचे ते गाणे, आपल्या भलरीच्या जातीचे. एक जण सांगणार, बाकीचे झेलणार. मग कोंबडा आरवतो. खरा नव्हे. 1948 मध्ये मॅक्स ट्रिमबॉर्न नावाच्या धावणाऱ्याने सुटण्याच्या क्षणी तोंडाने कोंबड्याची बांग दिली, तेव्हापासून तो रिवाजच पडला. पुढे त्याचाच आवाज मुद्रित करून ऐकवू लागले. बांग झाली की बार निघतो आणि माणसांचा लोंढा डोंगराकडे सरकू लागतो.

बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा धनगर, असे त्याच्याविषयी सांगतात. आजही ड्रायव्हर लोक जाताना त्याला नाणे टाकून पुढे जातात. तसेच एक ठिकाण या रस्त्यावर आहे. ड्रमंडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या दरडीत माणूस बसेल एवढा कोनाडा आहे. आर्थरची बैठक म्हणतात त्याला. न्यूटन इथे दम खायला बसत असे, असा समज आहे. चढाच्या वर्षी इथवर येईपर्यंत तीन मोठे चढ झालेले असतात, दोन बाकी असतात. धावणारे वाकून रस्त्याकडेचे एखादे रानफूल उचलतात, त्या कोनाड्यात ठेवतात आणि ‘नमस्कार, आर्थर’ असे म्हणून इंचांग्याच्या चढाकडे निघतात.